रस्त्यावरचं कुत्र्याचं पिल्लू घरी आणलंय? त्याला वळण कसं लावायचं (आणि त्याआधी घरच्यांना)

ढब्बू आमच्याकडे आला तेव्हा असेल दोनेक महिन्यांचा. जुलैचा पाऊस, पार्किंगमध्ये कुणाच्या तरी ॲक्टिव्हाखाली ओलाचिंब होऊन कुंई कुंई करत बसलेला, आणि मी "फक्त आजची रात्र" म्हणून त्याला वर घेऊन आलो, त्या रात्रीला आता चार वर्षं झाली. पहिल्या आठ-दहा महिन्यांत जेवढ्या चुका करता येतात तेवढ्या सगळ्या करून झाल्या, ट्रेनर लावून झाला, पैसे घालवून झाले, बाबांशी भांडून झालं. मग कुठे बसून हे शिकणं-बिकणं प्रकरण नेमकं चालतं कसं ते वाचायला लागलो आणि पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं की आम्ही त्याला रोज शिकवतच होतो, फक्त जे शिकवायचं नव्हतं ते शिकवत होतो.

म्हणून हे लिहितोय. तुमच्याकडे नुकतंच पिल्लू आलं असेल, विशेषतः गावठी, तर हे क्रमाने वाचा. मी डॉक्टर नाही, ट्रेनरही नाही, फरशी पुसून पुसून शहाणा झालेला माणूस आहे.

आधी सामान आणि कागद

- लसीकरणाचं पुस्तक. व्हेटकडे पहिल्याच भेटीत मिळतं. पार्वो आणि डिस्टेंपर या पिल्लांच्या जीवघेण्या रोगांवरच्या लसीचे डोस साधारण ६ ते ८ आठवड्यांपासून चालू होतात, रेबीजचा तीन महिन्यांच्या आसपास. तारखा व्हेटकडूनच लिहून घ्या, शेजाऱ्यांकडून नको.
- रेबीजच्या लसीचं सर्टिफिकेट. महापालिकेचा परवाना काढायला हे लागतंच, फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवा.
- छातीला बसणारा हार्नेस आणि साधा पट्टा, पाच-सहा फुटांचा. गळ्याला आवळणारी साखळी घेऊ नका, का ते पायरी ७ मध्ये.
- खाऊ: उकडलेलं चिकन (मीठ-मसाला काही नाही), पनीर, उकडलेलं गाजर, अंडं. तुकडा हरभऱ्याच्या डाळीएवढा. हो, एवढाच. एका वेळी वीस-पंचवीस तुकडे द्यायचेत, मोठे केलेत तर दहा मिनिटांत पोट भरून तो झोपायला जाईल.
- चॉकलेट, द्राक्षं, मनुके, कांदा आणि शुगर-फ्री गोळ्या-च्युइंगम अजिबात नको. बेदाणे घातलेला शिरा "थोडासा देते" म्हणणारी आजी प्रत्येक घरात असते, तिला आधीच सांगून ठेवा.
- जुने पेपर, भरपूर. आणि व्हिनेगर किंवा वास घालवणारं एन्झाइमवालं क्लीनर. अमोनियावाल्या क्लीनरने शू पुसू नका, शूलाही तसलाच वास असतो त्यामुळे त्याला वाटतं जागा पक्की झाली.

पायरी १. तो दोन पद्धतींनी शिकतो, हे आधी डोक्यात बसवा

कॉलेजात सायकॉलॉजी असलेल्यांना अभिसंधान आणि प्रबलन हे शब्द आठवतील, बाकीच्यांनी घाबरू नका, कंडिशनिंग (अनुभवाने सवय जडणं) आणि रीइन्फोर्समेंट (ज्याने ते वागणं पक्कं होतं ती गोष्ट) म्हणा.

पहिली पद्धत: "हे झालं की ते होतं." पावलोवचं नाव ऐकलंच असेल. हा रशियन माणूस खरं तर पोटातल्या पाचकरसांवर काम करत होता, १९०४ चं नोबेलही त्याला त्याच कामासाठी मिळालं. त्याच्या लक्षात आलं की कुत्र्यांना लाळ अन्न तोंडात गेल्यावरच सुटते असं नाही, अन्न आणणारा माणूस दिसला तरी सुटते. मग त्याने मेट्रोनोमची (गाण्याचा ठेका धरायच्या यंत्राची) टिकटिक वगैरे वापरून हे पद्धतशीर तपासलं. यात कुत्र्याने काही करायचंच नसतं. एक गोष्ट दुसरीची वर्दी देते, आणि वर्दी मिळाली की आतलं सगळं हलायला लागतं. आमच्याकडे फ्रिजचं दार उघडल्याचा आवाज ही वर्दी आहे. बेडरूममध्ये घोरत पडलेला ढब्बू तीन सेकंदांत हजर. वॉशिंग मशीनच्या झाकणाचा आवाज, मला विचाराल तर, अगदी तसाच आहे, पण त्याला कान हलवायचेही कष्ट नाहीत.

दुसरी पद्धत: "मी हे केलं की मला ते मिळतं." थॉर्नडाइक नावाच्या अमेरिकन माणसाने १८९८ मध्ये मांजरांना लाकडी पेट्यांत कोंडून बघितलं, आतून दोरी ओढली किंवा कडी दाबली की दार उघडायचं आणि बाहेर खाणं ठेवलेलं. मांजर पहिल्यांदा नुसतं ओरबाडायचं, चुकून कडी दाबली जायची. पुढच्या वेळी जरा लवकर, मग अजून लवकर. अचानक डोक्यात दिवा पेटला असं काही नाही, ज्याचा फायदा झाला ते टिकलं, बाकीचं गळून गेलं. पुढे स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने हेच उंदीर आणि कबुतरांवर फार बारकाईने केलं.

आता महत्त्वाचं. या दोन्ही पद्धती सकाळ-संध्याकाळ "ट्रेनिंगच्या" दहा मिनिटांत चालू होऊन नंतर बंद होत नाहीत. तुम्ही टीव्ही बघताय, तो शिकतोय. तुम्ही फोनवर बोलताय आणि तो पँट ओढतोय म्हणून न बघता त्याच्या डोक्यावरून हात फिरवलात, शिकला. पँट ओढली की हात फिरतो.

पायरी २. पिल्लू लहान असेल तर हे आजच सुरू करा

साधारण ३ ते १२-१४ आठवडे हा काळ फार मोलाचा. या वयात जे दिसतं, ऐकू येतं, हुंगायला मिळतं ते "आपल्यातलं" ठरतं. अमेरिकेत बार हार्बरला स्कॉट आणि फुलर यांनी कुत्र्यांच्या पिल्लांवर वर्षानुवर्षं काम केलं, तिथेच असंही दिसलं की १४ आठवड्यांपर्यंत माणसाचा संबंधच न आलेली पिल्लं पुढे माणसाला जंगली जनावरासारखी बिचकत राहिली.

पण अडचण अशी की नेमक्या याच काळात लसी पूर्ण झालेल्या नसतात आणि व्हेट सांगतात खाली सोडू नका. बरोबरच सांगतात, पार्वोने पिल्लं पटापट जातात. मग काय करायचं, तर कडेवर घेऊन फिरायचं. खाली पाय टेकवायचा नाही. रिक्षा दाखवा, लिफ्ट, रेनकोटवाला माणूस, हेल्मेटवाला माणूस, दाढीवाले काका, काठी टेकत चालणाऱ्या आजी, शाळेची बस, भाजीची गाडी. प्रत्येक नव्या गोष्टीला एक पनीरचा तुकडा. मी हे केलं नाही, मला माहीतच नव्हतं, ढब्बूला सहा आठवडे घरात कोंडून ठेवलं आणि आज चार वर्षांनीही हेल्मेट घातलेला माणूस म्हणजे त्याला चोर वाटतो. डिलिव्हरीवाल्या पोरांची मी रोज माफी मागतो.

पायरी ३. एक शब्द "चार्ज" करा

खाऊ द्यायला दोन-तीन सेकंद लागतात, तेवढ्यात पिल्लू आणखी चार गोष्टी करून मोकळं होतं. म्हणून असा एक आवाज लागतो जो म्हणतो "हे, आत्ता केलंस ते, त्याचा खाऊ येतोय." काही जण क्लिकर (दाबलं की टिक् वाजणारी छोटी डबी) वापरतात, स्किनरचे विद्यार्थी केलर आणि मारियन ब्रेलंड हे जोडपं जनावरं शिकवण्याच्या धंद्यात उतरलं तेव्हापासून अशा आवाजाचा वापर वाढत गेला. क्लिकर नसेल तर टिकटिक करणारं बॉलपेन चालतं. मी "यस" म्हणतो. "शाब्बास" घेऊ नका, घरात दिवसभर कोण ना कोण म्हणत असतंच, आमच्याकडे क्रिकेट चालू असलं की ओव्हरला चार वेळा.

कसं करायचं: पंधरा-वीस वेळा नुसतं "यस", लगेच तुकडा. "यस", तुकडा. त्याने काही करायची गरज नाही. दिवसातून दोन-तीनदा, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी तो दुसरीकडे बघत असताना "यस" म्हणा. मान गर्रकन तुमच्याकडे वळली तर काम झालं. (ही पहिली पद्धत, पावलोववाली.)

ट्रॅप: "यस" म्हटलं आणि खाऊ संपलाय, असं होऊ देऊ नका. आणि पोरांना खेळायला क्लिकर देऊ नका, संध्याकाळपर्यंत त्या आवाजाला काही किंमत राहत नाही.

पायरी ४. शू-शी

यात जादू काही नाही, घड्याळ आहे. झोपून उठला की, खाल्लं-प्यायलं की, खेळून झालं की, उचला आणि ठरलेल्या जागी न्या. दोन महिन्यांचं पिल्लू दोन-तीन तासांच्या वर थांबू शकत नाही, रात्रीही एकदा उठावंच लागतं. त्याचं झालं की तिथल्या तिथे, त्याच सेकंदाला "यस" आणि खाऊ. घरात येऊन मग नाही, घरात येऊन दिलात तर तो शिकतो की घरात आलं की खाऊ मिळतो, मग अर्धवट करून धावत घरात येईल आणि उरलेली पायपुसण्यावर.

घरात झाली तर गप पुसा. नाक घासणं वगैरे प्रकार करू नका. बाबांनी पहिल्या महिन्यात ते केलं, आणि ढब्बू शिकला पण काय शिकला तर माणसासमोर शू करायची नाही. खाली नेलं की पाऊण तास नुसता फिरायचा, वर आणलं की सोफ्याच्या मागे जाऊन गुपचूप. आम्हाला वाटायचं मुद्दाम करतो.

पायरी ५. "बस", "ये" वगैरे, तुकडे पाडून

पूर्ण गोष्ट एकदम मागू नका. "जागेवर जा" शिकवायचं असेल तर आधी त्याने गादीकडे नुसतं बघितलं तरी यस. मग एक पाऊल टाकलं तर यस. मग एक पंजा गादीवर. मग चारही. मग बसला तर. एका वेळी पाच मिनिटं, जास्त नाही. जमत नसेल तर एक पायरी खाली या, आवाज चढवू नका.

इथे टायमिंग सगळं आहे. स्किनरने १९४८ मध्ये एक गमतीचा प्रयोग लिहिला. भुकेली कबुतरं पेटीत, आणि कबूतर काहीही करो न करो, ठरावीक सेकंदांनी खाणं आपोआप समोर यायचं. तर एक कबूतर गोल गोल फिरायला लागलं, एक कोपऱ्यात डोकं घालायला लागलं, म्हणजे खाणं आलं त्या क्षणाला योगायोगाने जे चाललं होतं तेच त्यांनी धरून ठेवलं. त्याने त्याला अंधश्रद्धाच म्हटलं. मी हसलो होतो वाचून, मग ढब्बूकडे बघितलं. ढब्बूला "बस" म्हटलं की तो आधी एक गिरकी घेतो, मग बसतो, मग डावा पंजा उचलतो. मी कधीच शिकवलं नाही. सुरुवातीला मी खाऊ शोधत खिसे चाचपत बसायचो आणि तेवढ्यात तो जे काय करत असेल त्यालाच खाऊ मिळायचा. आता राहू दिलंय, पाहुण्यांना आवडतं.

शिकवून झालं की खाऊ हळूहळू कमी करायचा, पण एकदम बंद नाही. आधी दर वेळी, मग कधी दोनदा केल्यावर, कधी पाचदा, कधी लागोपाठ, अंदाज लागू द्यायचा नाही. दर वेळी बक्षीस मिळालेली सवय बक्षीस थांबलं की लवकर सुटते, अधूनमधून मिळालेली चिवट होते. लॉटरीवाला आणि आपल्या फोनचं नोटिफिकेशन दोघांनाही हे माहीत आहे. मी रात्री एक वाजता फोन उघडतो तेव्हा मला काय हवं असतं मलाच माहीत नसतं, पण कधीतरी काहीतरी असतं ना.

पायरी ६. नको ती सवय मोडायची: पापडाचं प्रकरण

हे नीट वाचा, बहुतेक घरं इथेच हरतात.

आमच्याकडे रात्री साडेआठला जेवायला बसतात. ढब्बू सहा महिन्यांचा असताना एकदा टेबलाशी भुंकला. आईने पापडाचा तुकडा टाकला, तो गप्प बसला. झालं. त्या एका सेकंदात दोघं जण शिकले. ढब्बू शिकला की भुंकलं की पापड मिळतो. आणि आई शिकली की पापड टाकला की कटकट थांबते. आईच्या बाजूने जे झालं त्याला म्हणतात निगेटिव्ह रीइन्फोर्समेंट, आणि इथे भले भले गोंधळतात. निगेटिव्ह म्हणजे वाईट नव्हे, निगेटिव्ह म्हणजे वजाबाकी. नकोशी गोष्ट वजा झाली म्हणून आपलं वागणं पक्कं होतं. गाडीचा सीटबेल्टचा टुंग टुंग आवाज बंद व्हावा म्हणून आपण बेल्ट लावतो तसंच. शिक्षा म्हणजे वागणं कमी करणारी गोष्ट, ते वेगळं. तर ढब्बू आईला शिकवत होता आणि आई ढब्बूला, दोघांची प्रगती उत्तम चालली होती, दोन महिन्यांत साडेआठचं भुंकणं आठ वाजता सुरू व्हायला लागलं.

उपाय सोपा वाटतो, पापड बंद. भुंकला तरी द्यायचा नाही, बघायचं नाही, ओरडायचंही नाही कारण ओरडणं म्हणजेसुद्धा त्याच्या हिशेबात "माझ्याकडे लक्ष दिलं". पण बंद केल्यावर आधी होतं काय, तर भुंकणं वाढतं. आपण लिफ्टचं बटण दाबतो, लिफ्ट येत नाही, मग काय निघून जातो? अजून जोरात दाबतो, धडाधड दाबतो. तेच. आम्ही सोमवारी बंद केलं, सोमवारी पंधरा मिनिटं भुंकला, मंगळवारी पंचवीस, बुधवारी चाळीस मिनिटं झाली, खालच्या मजल्यावरून फोन आला आणि बाबा म्हणाले, अरे दे बाबा त्याला एक, मरू दे. दिला.

म्हणजे आम्ही त्याला शिकवलं काय, तर पंधरा मिनिटांत सोडू नकोस, चाळीस मिनिटं रेट, मिळतो. वर पायरी ५ मधली लॉटरीही लागू झाली. काहीच केलं नसतं तर बरं होतं, एवढं नुकसान.

दुसऱ्या खेपेला असं केलं, हेच तुम्ही पहिल्या खेपेला करा:

- घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवून सांगा की दोन-तीन दिवस वाढणार आहे, आणि वाढतंय म्हणजे काम चालू आहे.
- शेजाऱ्यांना आधी सांगा. आम्ही खाली जाऊन सांगितलं, एक आठवडा सहन करा. केलं बिचाऱ्यांनी.
- नुसतं "हे नको" पुरत नाही, "त्याऐवजी हे कर" द्या. आमचं जेवण सुरू व्हायच्या आधी ढब्बूला गादीवर पाठवायचं आणि तिथे गप्प बसला तर मी दर अर्ध्या मिनिटाने उठून एक तुकडा देऊन यायचो. माझं जेवण गार व्हायचं. नंतर मिनिटाने, मग तीन मिनिटांनी, मग जेवण संपल्यावर एकदाच.
- निभणार नसेल तर सुरूच करू नका. पाहुणे येणार असतील, परीक्षा असेल, तर पुढच्या आठवड्यात सुरू करा.

आम्हाला बारा दिवस लागले.

पायरी ७. मारू नका, आणि मारणाऱ्या ट्रेनरला पैसे देऊ नका

ढब्बू आठ महिन्यांचा असताना आम्ही एक ट्रेनर लावला होता. आवळणारी साखळी, झटका, वरून "याला मालक कोण ते कळलं पाहिजे." तिसऱ्या आठवड्यात ढब्बू एकदम शांत झाला. ओढत नाही, भुंकत नाही, सांगाल तिथे बसतो. आम्ही खूश. आईच म्हणाली, अरे हा शेपूट हलवत नाही. खरंच नव्हता हलवत. पट्टा काढला की कोपऱ्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून पडायचा. फ्रिज उघडला तरी नुसते डोळे वर.

नंतर वाचलं. सेलिग्मन आणि मायर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९६७ च्या सुमारास कुत्र्यांना असे शॉक दिले की ते कुत्र्यांना कशानेच थांबवता येणार नाहीत. मग दुसऱ्या पेटीत ठेवलं, जिथे नुसती एक छोटी आडभिंत ओलांडली की सुटका होती. बऱ्याच कुत्र्यांनी प्रयत्नच केला नाही, पडून राहिली, शॉक खात राहिली. आपण काही केलं तरी फरक पडत नाही, एवढंच ती शिकली होती. तो परिच्छेद वाचून मी उठून ढब्बूशेजारी जाऊन बसलो, खरं सांगतो. ट्रेनर दुसऱ्या दिवशी बंद केला. शेपूट नीट हलायला दीड महिना लागला.

माराचा दुसरा तोटा, तो कशाशी जोडला जाईल ते तुमच्या हातात नसतं. दुसऱ्या कुत्र्यावर गुरगुरला म्हणून झटका दिलात तर "गुरगुरू नये" असं शिकेलच असं नाही, "दुसरा कुत्रा दिसला की मान दुखते" असं शिकेल आणि पुढच्या वेळी आधीच तुटून पडेल. आणि गुरगुरणं बंद पडलं तर अजून वाईट, गुरगुरणं ही चावण्याआधीची सूचना आहे, ती आपण खोडून टाकली तर थेट चावाच येतो.

पायरी ८. भीती: कुकर, ढोल, फटाके

पहिल्याच आठवड्यात ढब्बू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पाय ठेवायला आणि कुकरची शिट्टी व्हायला एकच गाठ पडली. एकदाच. त्यानंतर तो महिनाभर स्वयंपाकघरात आला नाही, नंतर स्टीलच्या कुठल्याही भांड्याचा आवाज झाला तरी पळायचा. भीती एका फटक्यात शिकली जाते आणि मग पसरते. वॉटसन आणि रेनर यांनी १९२० मध्ये एका तान्ह्या मुलावर हे केलं, पांढरा उंदीर दाखवायचा आणि मागे लोखंडी दांड्यावर हातोडा मारायचा. पोर उंदराला घाबरायला लागलं, मग सशाला, कुत्र्याला, केसाळ कोटालाही. आज असला प्रयोग कुणी करू देणार नाही.

उलटं कसं करायचं ते मेरी कव्हर जोन्स या बाईंनी १९२४ मध्ये दाखवलं. सशाला घाबरणारा एक छोटा मुलगा होता, तो आवडीचं खात असताना ससा दूर ठेवायचा, रोज थोडा जवळ आणायचा. शेवटी मुलगा सशाशी खेळायला लागला. दिवाळीसाठी आपण हेच करायचं, आणि दिवाळीच्या आदल्या दिवशी नाही, दोन महिने आधी:

फटाक्यांचा आवाज मोबाइलवर इतका बारीक लावा की त्याचा कान हलेल पण तो घाबरणार नाही. आवाज, मग चिकन. आवाज बंद, चिकन बंद. रोज पाच मिनिटं. तीन-चार दिवसांनी आवाज एक घर वर. घाबरला, खायचं थांबला, तर दोन घरं खाली. गणपतीत ढोल-ताशा वाजतोच, त्याचंही असंच, आधी दोन गल्ल्या लांबून.

यातला ट्रॅप फार कमी लोक सांगतात: आवाज आधी, खाऊ नंतर. मी पहिल्यांदा उलटं केलं, चिकनचा डबा उघडायचा आणि मग फटाके लावायचे. चार दिवसांत डबा बघून तो पलंगाखाली जायला लागला. पावलोवचाच नियम, जे आधी येतं ते नंतरच्याची वर्दी होतं. मी चिकनला फटाक्याची वर्दी करून ठेवलं होतं.

आणि घाबरलेल्याला जवळ घेतलं तर भीतीला बक्षीस मिळतं असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. भीती ही त्याने ठरवून केलेली गोष्ट नाही, खुशाल जवळ घ्या. फार थरथरत असेल, दारं ओरबाडत असेल तर व्हेटला दिवाळीआधीच भेटा, औषधं असतात, पण मनाने काही देऊ नका.

पायरी ९. स्वभाव कुठपर्यंत बदलतो

सवयींनी स्वभाव घडतो हे अर्धं खरं. बेल्याएव नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने १९५९ पासून सैबेरियात नोवोसिबिर्स्कजवळ कोल्ह्यांवर काम सुरू केलं. शिकवलं काही नाही, फक्त प्रत्येक पिढीतले माणसाला कमी बिचकणारे निवडायचे आणि त्यांचीच पुढची पिल्लं. काही पिढ्यांतच शेपूट हलवणारे, हात चाटणारे कोल्हे जन्माला आले. म्हणजे थोडं रक्तातच असतं.

आणि वर ज्यांचं नाव आलं त्या ब्रेलंड जोडप्याची रॅकूनची (अमेरिकेतलं एक छोटं केसाळ जनावर) गोष्ट मला फार आवडते. रॅकूनला नाणं उचलून डब्यात टाकायला शिकवत होते. एक नाणं जमलं. दोन दिली तर तो ती टाकेनाच, हातात धरून एकमेकांवर चोळत बसायचा, कंजूष सावकारासारखा, डब्यात बुडवायचा, परत काढायचा. बक्षीस बंद झालं तरी चोळणं चालू. कारण रॅकून जंगलात खाणं असंच चोळतो-धुतो. १९६१ मध्ये त्यांनी हे प्रामाणिकपणे छापलं, की बुवा नुसत्या बक्षिसाने सगळं होत नाही, जनावराचं स्वतःचं काहीतरी असतं.

ढब्बूचं ते काहीतरी म्हणजे माती उकरणं. चिकन दाखवा, पनीर दाखवा, आईच्या कुंड्या उकरणारच. मी सहा महिने झगडलो, मग गच्चीत जुन्या टबमध्ये वाळू भरून दिली आणि त्यात बिस्किटं पुरून ठेवायला लागलो. तुळस वाचली. तुमच्या पिल्लाचं असं काय आहे ते पहिल्या दोन-तीन महिन्यांत बघून वहीत लिहून ठेवा, आणि त्याच्याशी भांडत बसण्याऐवजी त्याला जागा करून द्या.

पायरी १०. घरच्यांची एक शिस्त

फ्रिजवर कागद चिकटवा. कुठला शब्द वापरायचा (आमच्याकडे मी "बस", आई "खाली बस रे राजा", बाबा "सिट", त्या बिचाऱ्याने करायचं काय), काय खायला द्यायचं नाही, सोफ्यावर चालेल की नाही. एकाने होय आणि एकाने नाही म्हटलं की कुत्रा "कधी कधी होय" शिकतो, आणि कधी कधी होय म्हणजे काय ते वर आलंच. कामाला येणाऱ्या मावशींनाही सांगा. आमच्याकडे रोज सकाळी चहाबरोबर खारी कोण देत होतं ते मला पाच महिन्यांनी कळलं.

आणि मोडलेली सवय पुसली गेली असं समजू नका, ती झाकलेली असते. पावलोवलाही हे दिसलं होतं, थांबलेली लाळ काही काळाने आपोआप परत सुटायची. पापडाचं प्रकरण मिटून तीन महिने झाले असतील, मिरजेची आत्या राहायला आली, साडेआठला सगळे बसलो, पापडाचा डबा उघडला आणि गादीवरून एकच, अगदी छोटा भुंक आला. सगळे एकमेकांकडे बघायला लागलो. आत्या म्हणाली, "अगं बाई, भूक लागली वाटतं त्याला," आणि हात डब्यात घातला. आईने तिचा हात मनगटाशी धरला, तो तिने ताट आवरेपर्यंत सोडला नाही.

तेव्हा पाहुणे यायच्या आधी पापडाचा डबा वरच्या फळीवर.